सुलूकचा रकाना

मास्तर, आज गुरुवार. शेवटच्या तासाची घंटा झाली आणि मी काही म्हणायच्या आत पोरं पाट्या ठेवून चिंचेखाली जाऊन बसली. गोल करून, तुमची जागा मोकळी सोडून. मी वर्गाच्या दारात उभा राहून पाहत होतो. आज तास नाही असं कुणीतरी जाऊन सांगायला हवं होतं, आणि शाळेत आता 'कुणीतरी' म्हणजे मी एकटाच उरलो आहे.

तुम्हांला जाऊन सोळा दिवस झाले. तेराव्याला मी आलो होतो, पंगतीत जेवलो. लोक तुमच्याबद्दल चांगलं बोलत होते, तेही ऐकलं. माणूस गेल्यावर लोक चांगलंच बोलतात, त्यात तुमचं विशेष असं काही नाही. मला तुमच्याशी बोलायचं आहे ते वेगळं. अठरा वर्षं मी ते पोटात ठेवलं आणि आज दुपारी ते बाहेर आलं, तुमच्या मुलासमोर, दत्तूसमोर, आणि एकतीस पोरांसमोर. तुम्ही नेहमी म्हणायचात, "मुन्शीजी, तुमी गोष्ट शेपटाकडून धरता." आज डोक्याकडून धरतो.

डोकं म्हणजे तो हुकूम. बीडहून आलेला, उर्दूतला. हजेरीच्या रजिस्टरात एक नवा रकाना आखावा आणि दर आठवड्याला त्यात प्रत्येक मुलाचा सुलूक लिहावा, असा. सुलूक म्हणजे वागणूक. 'नेक' किंवा 'बद', एवढा एक शब्द घातला की काम संपलं. आपले म्हातारे सदर मुदर्रिस, म्हणजे हेडमास्तर, तेव्हा पेन्शनीला टेकले होते आणि त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांनी तो कागद आपल्या दोघांपुढे सरकवला आणि तपकीर ओढली.

तुम्ही मराठीचे मास्तर, नांदूरघाटच्या शेतकऱ्याच्या घरातले. उर्दू अक्षरं एकेक जोडून वाचायचात, बैल चढ चढतो तसं. बोटानं तो शब्द धरलात आणि तुमचा चेहरा उजळला.

"सलूख! आपला सलोखा की हो, मुन्शीजी. कोन पोरगं कोनासंगं कसं हाय, ते लिव्हा म्हनतंय सरकार. लई डोकेबाज मानूस असंल ह्यो हुकूम काढनारा."

मी उर्दूचा मास्तर. गावानं मला मुन्शीजी हे नाव त्यासाठीच दिलं होतं. एका वाक्यात मला तुमची चूक सांगता आली असती. त्याच सकाळी तुम्ही पोरांसमोर माझ्या फळ्यावरचं 'पाणि' पुसून 'पाणी' केलं होतं. मी मनात म्हटलं, करू द्या, मजा बघू. पुढं जे काही झालं त्याची सुरुवात एका वेलांटीच्या रागातून झाली, हे तुम्हांला कधी कळलं नाही.

पहिल्या गुरुवारी तुम्ही पोरांना चिंचेखाली बसवलंत. गुरुवारच का, तर शुक्रवारी जुम्म्याची सुट्टी. "कट्टी घरी नेली की सुट्टीत शिळी व्हती, आन् शिळ्याला वास येतो," हे तुमचं कारण. मग विचारलंत, "कोनाकोनाची कट्टी हाय? हात वर." एक हात वर झाला नाही. तेव्हा तुम्ही स्वतःचाच हात वर केलात. "माजी हाय. चुलतभावासंगं. तीन वर्सं झाली, बोलत न्हाई आमी." त्यावर निम्म्या शाळेनं हात वर केले. मी खिडकीतून हे पाहिलं आणि मला वाटलं, या माणसाला स्वतःचं हसं करून घ्यायची हौस आहे.

ते सगळं तुम्ही मोडीत रकान्यात लिहिलंत. पहिली नोंद मला पाठ आहे. 'किसन व बाबू तांबोळ्याचा. कट्टी. दिवस चौथा. कारण विटी.' आणि लिहून झाल्यावर तुम्हांला चैन पडेना. "नुसतं लिव्हून गप बसायचं असतं, तर सरकारनं कावून लिव्हाय लावलं असंल?" असं तुम्ही मला विचारलंत. मी खांदे उडवले. पुढच्या गुरुवारपासून तुम्ही शिकवायलाच लागलात.

हा किसन विटीदांडूचा डाव रंगात आला की विटी उचलून पळायचा. पोरं त्याला मारायची, म्हातारे सदर छडी मारायचे, त्याचा बाप घरी मारायचा. तुम्ही म्हणालात, "ह्याला खेळायचं हाय. मागायचं कसं ते ठावं न्हाई, म्हनून पळवतोय." मग तुम्ही त्याला मागायला शिकवलंत. आधी डावाच्या कडेला उभं राहायचं, विटीच्या वाटेत नाही. नीट डाव बघायचा. कुणी चांगला टोला मारला तर तसं म्हणायचं, वाईट मारला तर चांगला म्हणायचं नाही. डाव संपला की विचारायचं, "पुढच्या डावाला मला घेता का?" आणि नाही म्हणाले, तर दुसऱ्या डावाकडे जायचं, विटीकडे नाही.

जे सांगायचं ते आधी करून दाखवायचं, हा तुमचा हट्ट. दाखवायला तुम्ही मला धरलंत. डोक्याला रुमी टोपी, अंगात काळी शेरवानी, असा मी दहा वर्षांच्या पोरांच्या डावाच्या कडेला उभा. टोला चांगला बसला, तसं मी म्हणालो. पुढचं वाक्य तोंडातून निघेना. पोरं खदखदली. तुम्ही हसला नाहीत. जवळ येऊन हळूच विचारलंत, "मुन्शीजी, तुमाला ल्हानपनी कुनी घेतलं न्हाई का खेळायला?"

डोकं दुखतं आहे असं सांगून मी आत गेलो. उत्तर आज देतो. नाही घेतलं. मी मागितलंही नव्हतं. असं मागता येतं, त्यासाठी एक वाक्य असतं, हे मला पस्तिसाव्या वर्षी एका विटीचोराबरोबर कळलं. त्याला ते आठ दिवसांत म्हणता आलं. मला अजून येत नाही.

माफीचा पाठ नंतर आला. बाबूनं किसनची पाटी फोडली होती. तुम्ही त्याला गोलात उभं केलंत आणि तो म्हणाला, "चुकलं माजं, पण ह्यानं आदी मला..." तुम्ही हात वर केलात. "थांब. 'पण' म्हनलास की मागचं समदं पुसलं. थुंकी लावून पाटी पुसल्यावानी. पुना सांग, बिगर 'पण'चं." त्या दिवसापासून चिंचेखाली तो शब्द बंद. पोरं हुशार, ती 'मात्र'वर आली. तुम्ही तोही बंद केलात. एकानं 'तरीबी' काढला तेव्हा तुम्ही डोकं खाजवलंत आणि म्हणालात, त्याचा इचार पुढल्या गुरुवारी करू. तो पुढला गुरुवार काही आला नाही, म्हणून 'तरी' मी या कागदात वापरणार आहे. बाकीचे दोन शब्द तुमच्याशी बोलताना वापरायचे नाहीत असं ठरवून बसलो आहे. फार अवघड जातं.

आणि ज्याची माफी मागितली त्याला तीन उत्तरांची मोकळीक. 'झालं.' 'पुना सांग.' आणि 'आज न्हाई.' या तिसऱ्यावरून आपलं वाजलं होतं. मी म्हणालो, मास्तरांसमोर माफी मागितली की दिलीच पाहिजे, नाहीतर शिस्त कशी राहील. तुम्ही म्हणालात, "मागनं ह्याच्या हातात, देनं त्याच्या. जबरीनं देववलं तर ते आतून न्हाई निगायचं." 'आज न्हाई' ऐकलं की मागणाऱ्यानं 'बरं' म्हणायचं, रुसायचं नाही, मागं लागायचं नाही, पुढच्या गुरुवारी पुन्हा यायचं. एका पोरानं सात गुरुवार 'आज न्हाई' म्हणून काढले, आणि दुसरा सात गुरुवार 'बरं' म्हणत राहिला. आठव्याला 'झालं' आलं. तुम्ही तेव्हा डोळे पुसलेत. मला ते जरा जास्तच वाटलं होतं.

आपला मुख्य वाद तर कधी मिटलाच नाही. माझं म्हणणं, मैत्री ही शिकवून येत नाही. ती होते, नाहीतर होत नाही, आणि पोरांच्या भांडणात मोठ्यानं पडू नये. शब्द शिकवले की पोरं शब्द म्हणतात, मनात काय असायचं ते राहतंच. तुमचं उत्तर ठरलेलं. "पवायला बी कुनी पोटातून शिकून येत न्हाई, मुन्शीजी. कमरेला पांगाऱ्याचं लाकूड बांधून हिरीत सोडावंच लागतं. मंग एक दिवस लाकूड सुटतं, त्याला कळत बी न्हाई." मी म्हणायचो, काही जण लाकडासकट बुडतात. तुम्ही म्हणायचात, "मंग तेवड्यासाठी आपन काठावर बसायचं." असं अठरा वर्षं. तेराव्याला पंगतीत मला भात वाढणारा माणूस तुमचा तो चुलतभाऊ होता, हे मला नंतर कुणीतरी सांगितलं. वादात एक डाव तुम्ही जिंकलात, असं समजा.

आता साहेबांच्या तपासणीकडे येतो. तिथं मी थोडा रेंगाळेन.

हुकूम आला त्याच्या पुढच्या हिवाळ्यात मोहतमीमसाहेब, म्हणजे शाळांवरचे मोठे अधिकारी, बीडहून टांग्यानं आले. म्हातारे सदर त्याच महिन्यात पेन्शनीवर जाणार होते. त्यांच्या जागी आपल्या दोघांतला एक यायचा, आणि ते साहेबांच्या शेऱ्यावर ठरायचं. तुम्ही माझ्याहून दोन वर्षं जुने. गावानं तुम्हांला सदर धरूनच टाकलं होतं. तुम्ही धुतलेलं धोतर नेसून, नवं पागोटं बांधून उभे होतात.

साहेब मनानं वाईट नव्हते. रजिस्टर उघडलं, सुलूकच्या रकान्यात मोडीच्या ओळीच ओळी दिसल्या. त्यांनी मला जवळ बोलावलं. "मुन्शी, ये क्या लिखा है?" मी एकेक ओळ उर्दूत सांगत गेलो. कट्टी म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं. ते मोकळेपणी हसले. मग मागचे महिने उलटत गेले आणि हसायचे थांबले. सरकारनं मुलांची वागणूक विचारली आणि या गृहस्थांनी वर्षभर पोरांच्या रुसव्याफुगव्यांचं दफ्तर ठेवलं? सुलूकचा अर्थ ठाऊक नाही यांना? असं ते म्हणाले. चिडून नव्हे, थकून. मग तपासणीच्या पुस्तकात त्यांनी तीन वाक्यं लिहिली आणि लिहिता लिहिता मोठ्यानं म्हटली.

तुम्ही चार पावलांवर उभे. मागं पोरांची रांग. तुम्हांला तेवढ्या उर्दूतला एक शब्द कानांनी सापडला. साहेब बाहेर पडले तसे तुम्ही माझा हात धरलात. तुमचा हात गरम होता.

"मुन्शीजी, नेक म्हनाले ना? मी आयकलं. नेक म्हनाले."

"हो," मी म्हणालो. "काम नेक आहे म्हणाले. असंच चालू ठेवा म्हणाले."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. तुम्ही नुसते उभे राहिलात.

शेऱ्यात जे होतं ते आता ऐका, शब्दाला शब्द. 'दुय्यम शिक्षकास सरकारी भाषा येत नाही. नीयत नेक आहे. सदर मुदर्रिसच्या जबाबदारीस लायक नाही.'

हे तुमचं तोंड पाहून मी लपवलं, की ती मोकळी होणारी जागा पाहून, याचा निवाडा मी अजून केलेला नाही. एवढं नक्की, की साहेब त्या संध्याकाळपर्यंत चावडीत होते. चावडी शाळेपासून शंभर पावलांवर. मला जाऊन सांगता आलं असतं, की साहेब, चूक एका शब्दाची आहे, मला ती पहिल्या दिवसापासून ठाऊक होती, मी सांगितली नाही, दोष माझा. कदाचित त्यांनी शेरा बदलला असता. मनानं वाईट नव्हतेच ते. मी घरी गेलो, चूल पेटवली आणि पिठलं केलं. पिठलं बरं झालं होतं, हेही आठवतं.

दोन महिन्यांनी सदरीचा हुकूम माझ्या नावानं आला.

त्याबद्दल तुम्ही एकदाच विचारलंत. "साहेब येवडे खूश व्हते, मंग मला सदर कावून केलं न्हाई?" मी म्हणालो, हुकूम वरून येतात, हैदराबादच्या मनातलं कोण सांगणार. तुम्ही 'खरं हाय' म्हणालात. आणि त्या गुरुवारी चिंचेखाली पोरांना म्हणालात, मी आत खिडकीशी बसलेला असताना, "आज एक खरं सांगतो. मला मुन्शीजींचा हेवा वाटतोय. ते माजे दोस्त हायेत, तरीबी वाटतोय. वाटला तर वाटू द्यावा. फकस्त पोटात ठिवू न्हाई, नासतो. कुनाला तरी सांगून टाकावा. आता मी तुमाला सांगितला, हलका झालो."

माजे दोस्त हायेत, असं तुम्ही म्हणालात. माझ्याविषयी हे वाक्य त्याआधी कुणी म्हटलेलं नव्हतं, नंतरही नाही. मी आत बसून दुसरं रजिस्टर भरत होतो.

हो, दुसरं रजिस्टर. तेही सांगून टाकतो. सदर झाल्यावर मी साहेबांसाठी वेगळं रजिस्टर केलं, उर्दूतलं. दर गुरुवारी पोरं गेली की तुमच्या मोडीच्या ओळी समोर ठेवून मी त्यात उतरवायचो. कट्टी असेल तर बद, गट्टी असेल तर नेक. 'आज न्हाई'ला काय लिहावं ते मला कधी सुचलं नाही. तिथं मी ठिपका द्यायचो. अठरा वर्षांत कुणा साहेबानं त्या ठिपक्यांबद्दल विचारलं नाही. तुम्हांला वाटायचं मी तुमचंच रजिस्टर वर दाखवतो. "काय म्हनाले ह्या सालचे साहेब?" असं तुम्ही दर तपासणीनंतर विचारायचात, आणि मी सांगायचो, पसंत आहे म्हणाले. एकदा खोटं वाचलं की पुढचं सगळं वाचन तसंच करावं लागतं, हा काही मोठा शोध नाही. तुमच्या तासाला बसलेल्या दुसरीतल्या पोरालाही तो ठाऊक होता.

तुमच्या तापाच्या चौथ्या दिवशी दुपारी मी आलो होतो. वहिनींनी तुमच्या उशाशी पाट ठेवला. दत्तू बीडहून आलेला, तुमचे पाय चेपत होता. तुम्ही डोळे उघडलेत आणि म्हणालात, "मुन्शीजी, त्यो शेरा म्हना एकदा. आपल्या साहेबाचा." पुस्तक शाळेत होतं. त्याची गरजच नव्हती. मी केलेला शेरा मला खऱ्यापेक्षा जास्त पाठ होता. काम नेक आहे, असंच चालू ठेवावं, मी म्हणालो. शेवटी एक वाक्य त्या दुपारी नवीनही जोडलं, की अशी शाळा जिल्ह्यात दुसरी नाही. तुम्ही डोळे मिटून ऐकलंत आणि म्हणालात, "ह्ये शेवटचं मला आटवत नव्हतं." एवढंच. त्यानंतर तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत, कारण बोलण्याजोगे राहिला नाहीत.

म्हणून परवा दत्तू शाळेत आला. "आई म्हनती, त्यो शेरा उतरवून आन. चौकटीत लावायचा हाय. मला उर्दू येतं, मी सोता उतरवतो." मी म्हणालो, गुरुवारी ये.

तेव्हापासूनचे दोन दिवस मी त्या पानाकडे बघून काढले. पान फाडणं सोपं होतं. आपल्या दफ्तराच्या पेटीला वाळवी लागते हे सगळ्या गावाला माहीत आहे, तिच्यावर ढकललं असतं तर कुणी शंकाही घेतली नसती. मी पेटी उन्हात काढून ठेवली, पुन्हा आत नेली. तुमच्या घरच्या भिंतीवर ती चौकट लागली असती, खाली हळदकुंकू वाहिलं असतं, वहिनींचं उरलेलं आयुष्य त्यावर निघालं असतं. आणि दर सणाला जेवायला बोलावून मला तिच्यासमोरच बसवलं असतं. मी तिथं कुठं बघत जेवलो असतो, ते मला कळेना.

दत्तू आज शेवटच्या तासाला आला. पोरं चिंचेखाली जाऊन बसलेलीच होती. मी पुस्तक काढलं, पान उघडलं आणि त्याच्यापुढं केलं. "तूच वाच."

त्यानं एकदा वाचलं. पान उलटून मागचं पाहिलं, पुढचं पाहिलं, परत वाचलं.

"मुन्शीजी, ह्यो दुसराच शेरा हाय."

"दुसरा नाही. हा एकच आहे."

"मंग बाबाला म्हनून दावला त्यो?"

"तो मी केलेला."

त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तुमचेच डोळे आहेत त्याचे, हे इतक्या वर्षांत माझ्या लक्षात आलं नव्हतं. मग पुस्तक मिटून म्हणाला, "हितं न्हाई. तितं चला." आणि चिंचेकडे चालू लागला. सात वर्षं तो त्या गोलात बसला आहे. रीत त्याला माझ्यापेक्षा चांगली ठाऊक.

तुमच्या जागेवर तो बसला नाही. पोरांच्या मध्ये अंग चोरून बसला. मी गोलात उभा राहिलो. वर चिंचेत एक खारूताई ओरडत होती. अठरा वर्षं मी हा तास खिडकीतून पाहिला. आत उभं राहिल्यावर तो गोल फार लहान वाटतो, मास्तर. सगळी तोंडं अगदी जवळ येतात.

मी म्हणालो, "दत्तू, तुझ्या वडिलांची एक चूक मला ठाऊक होती, ती मी त्यांना सांगितली नाही. साहेबांचा शेरा मी त्यांना खोटा वाचून दाखवला. त्यांची जागा मला मिळाली, ती मी घेतली. शेवटच्या दिवशीही खोटंच बोललो. चुकलं माझं, पण..."

"मुन्शीजी, 'पण' न्हाई."

बाबू तांबोळ्याचा धाकटा. सहा वर्षांचं पोर. त्याच्या बापाला तुम्ही त्याच जागेवर असंच थांबवलं होतं. उद्धटपणा काही नव्हता त्यात, पाढ्यात एखादा आकडा चुकला तर सांगावं तसं त्यानं सांगितलं.

त्या 'पण'च्या पुढं माझ्याकडे एक चांगलं लांब वाक्य होतं. अठरा वर्षं घासूनपुसून ठेवलेलं. त्यात किसन होता, त्याची विटी होती, चिंच होती, हात वर करून बसलेली निम्मी शाळा होती. 'नाहीतर हे सगळं त्याच दिवशी बंद पडलं असतं' असा त्याचा शेवट होता. वाक्य खोटंही नव्हतं. मी ते गिळलं. मला रडू आलं, तेही सांगून ठेवतो, म्हणजे तुमच्याकडून आणखी काही लपवलेलं राहायला नको.

"चुकलं माझं," एवढंच पुन्हा म्हणालो.

दत्तू काडीनं मातीत रेघा ओढत बसला. पोरं त्याच्याकडे बघत होती. कुणी घाई केली नाही. ते तुम्ही शिकवलेलं आहे. मग त्यानं काडी टाकली.

"आज न्हाई, मुन्शीजी."

"बरं," मी म्हणालो.

तो खऱ्या शेऱ्याची नक्कल करून घेऊन गेला. वहिनींना वाचून दाखवेल की नाही, ते त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. जाताना एका पोरानं मला विचारलं, पुढल्या गुरुवारी तास हाय का. मी हो म्हणालो. कोण घेणार ते मला माहीत नाही. मला शिकवता येणार नाही. गोलात बसता मात्र येईल, असं म्हणणार होतो. तो शब्दही बंद आहे. गोलात बसेन.

तुमची आठवण येते, मास्तर. तिन्ही उत्तरांपैकी एकही तुमच्याकडून यायचं नाही, याची जास्त येते.

पोरं गेल्यावर मी रजिस्टर काढलं. उर्दूतलं नव्हे, तुमचं. आजच्या पानावर एकतीस नावं होती. खाली एक ओळ आखली आणि तिच्यावर माझं नाव घातलं. कट्टी किती दिवसांची ते लिहिताना हात थांबला. मग तुमचा नियम आठवला, की लपवलेली चूक कधीची का असेना, दिवस मोजायचे ते ज्या दिवशी ती सांगितली तिथून. सुलूकच्या रकान्यात मोडीत, तुमच्यासारखंच लिहिलं आहे.

'मुन्शी व दत्तू मास्तरांचा. कट्टी. चूक मुन्शीची. दिवस पहिला.'